छकुली आणि आकांक्षा एकच

दादा, तेरवीसाठी आणलेली मोठी पातेली अजून मांडववाल्याकडे परत गेली नव्हती, त्या संध्याकाळी तुझी भाची लॅपटॉप घेऊन माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "आई, आट्यापाट्या इंग्रजीत कसं लिहायचं?"

"मामाला विचार," मी म्हणाले.

बोलून गेले खरी. तुला विचारायची सवय तोंडात इतकी बसली आहे की ती जायला वेळ लागेल. छकुलीनं माझ्याकडे पाहिलंच नाही. अर्जातली ती चौकट तशीच रिकामी सोडून ती खालच्या चौकटीवर गेली. खालच्या चौकटीतही तूच होतास. त्याच्या खालीही तूच.

तुझ्यावर मी चिडलेली आहे, हे आधीच सांगून टाकते. गेलेल्या माणसावर चिडू नये असं सगळे म्हणतात, पण तू वाद अर्धा टाकून गेलास आणि अर्ध्या वादाचं काय करायचं ते मला कोणी शिकवलेलं नाही. पेपरात तुझा फोटो आला, खाली 'क्रीडाप्रेमी' असं छापलं होतं. मजकूर वहिनीच्या भावानं दिला होता, त्याचं मन मोडायला नको म्हणून मी काही बोलले नाही. जन्मभर वर्कशॉपातून सुटला की सायकलला चुन्याची बादली अडकवून पोरींना खेळवायला मैदानावर जाणारा माणूस, आणि त्याला म्हणे प्रेमी! तू वाचलं असतंस तर चार दिवस स्वतःलाच त्या नावानं हाक मारून वहिनीला छळलं असतंस.

छकुलीचा अर्ज कशासाठी आहे ते तुला ठाऊकच आहे. खेळाचं शास्त्र शिकवणारं ते कॉलेज दूर दक्षिणेत आहे आणि तिला तिथंच जायचं आहे. बारावीत तिला मार्क बरे पडतील, पण फार बरे नाही, हे तिलाही माहीत आहे. त्या कॉलेजात मार्कांच्या जोडीला विचारतात की अभ्यासाशिवाय तू काय केलंस, आणि त्यात काय मिळवलंस. उपक्रमांसाठी दहा चौकटी, बक्षिसांसाठी पाच, आणि प्रत्येकीत जेमतेम दोन ओळी मावतील एवढी जागा. तिचा सगळा भरवसा त्या चौकटींवर होता, आणि चौकटींचा सगळा भरवसा तुझ्यावर.

दिवाळी झाल्यावर आपण तिघं धरमपेठेत त्या मॅडमकडे गेलो होतो, असे अर्ज भरायला मदत करतात त्या. मॅडम चांगल्याच होत्या, चहा दिला, तुझ्या चुन्यानं भरलेल्या पँटकडे पाहूनही न पाहिल्यासारखं केलं. "सर, लीडरशिप दिसायला पाहिजे," त्या म्हणाल्या. "हिनं काही फाउंड केलंय का? क्लब वगैरे?"

तू म्हणालास, "एकडाव मैदान सापडवलं होतं हिनं. गाजरगवतात हरवलं होतं."

छकुली खो खो हसली. मॅडमनी मात्र गंभीरपणे लिहून घेतलं, 'ग्राउंड रिस्टोरेशन'. आणि त्याच्या खाली आट्यापाट्यांसाठी त्यांनी सुचवलं, 'एक पारंपरिक टॅग गेम'.

परतताना सीताबर्डीला मेट्रो बदलताना सरकत्या जिन्याच्या तोंडाशीच थांबलास आणि मागचे लोक तुझ्या अंगावर आदळले. "टॅग म्हंजे काय वं बेबी? शिवाशिवी? लहान लेकरं खेळतात थे? मातीत नऊ पाट्या आखाव लागते, मधातून उभा सूर काढाव लागते, एकेका पाटीवर एकेक गडी अडवाले उभा राहते, अन् हे बाई म्हणते शिवाशिवी!"

मी म्हटलं, "बाजूला तर हो, लोकांना जाऊ दे." तू बाजूला झालास, पण भांडण संपवलं नाहीस. कामठी रोडला उतरेपर्यंत तू आणि छकुली त्या दोन ओळी जुळवत होता. तू सांगत होतास आणि ती मोबाइलवर लिहीत होती. अडवणाऱ्याच्या डोळ्यात पाहून त्याला हुलकावणी द्यायची, अंगाला हात लागू न देता एकेक पाटी ओलांडत पलीकडं जायचं आणि मग तसंच वापस यायचं. छकुली म्हणाली, "मामा, वापस यायला जागाच नाही, अक्षरं संपली."

"मंग आधीचं काप," तू म्हणालास. "वापस येणं नको कापू."

आता त्या ओळी जशाच्या तशा अर्जात गेल्या आहेत. तिनं इंग्रजीत केल्या, मी तपासल्या. व्याकरणात एक चूक आहे, पण ती दुरुस्त केली तर एक शब्द वाढतो, म्हणून राहू दिली.

खरी अडचण बक्षिसांची आहे. आणि तिथं, दादा, तू घोळ करून ठेवला आहेस. तू असतास तर मी हे तोंडावर म्हणाले असते आणि तू म्हणाला असतास, "झालं का सुरू तुह्यं?"

तुझ्या संघातल्या एकाही पोरीचं शाळेतलं नाव तुला कधी आलं नाही. बाली, मोनू, पिंकी, छकुली. घरी जी हाक तीच मैदानावर, आणि मैदानावर जी हाक तीच कागदावर. मी किती वेळा म्हटलं, "दादा, सर्टिफिकेटवर शाळेतलं नाव लिहायचं असतं." मी शाळेत मराठी शिकवते, स्नेहसंमेलनाची सगळी प्रमाणपत्रं माझ्या हातची असतात, तेव्हा एवढं तरी मला कळतं. पण तुझं एकच, "काहून? आकांक्षा म्हणून हाक मारली तं वळते का थे? खेळली कोण, छकुली. मंग बक्षीस कोणाले द्याव?" तिला अकरावीत गेल्यावर त्या नावाची लाज वाटायला लागली. घरी फर्मान निघालं, आजपासून मला आकांक्षा म्हणायचं. मी म्हणायला लागले, तिचे बाबा म्हणायला लागले, शेजारपाजारचेही सुधारले. तुला मात्र तिनं ते कधी सांगितलं नाही. मीच एकदा विचारलं, मामाला का नाही सांगत? तर म्हणाली, "त्याचं चालते."

तिला मिळालेलं खरं म्हणावं असं बक्षीस एकच. तेही तुझ्याकडून. रामटेककडच्या त्या गावात धान कापून झालं की मोकळ्या बांधीत तू स्पर्धा भरवायचास. बांधी साफ करण्यापासून पंचगिरीपर्यंत सगळं तुझंच, आणि स्पर्धेतली उत्तम खेळाडू कोण तेही तूच ठरवायचास. आधीची दोन वर्षं ती सगळ्यांत चांगली खेळली होती, हे काठावर बसलेल्या म्हाताऱ्यांनाही दिसत होतं. पण तू दोन्ही वेळा दुसऱ्या मुलींना दिलंस. दुसऱ्या वर्षी येताना एस.टी.त ती खिडकीकडे तोंड करून रडत होती आणि तू पुढच्या सीटवर बसून झोपल्याचं सोंग घेतलं होतंस. मला तुझा इतका राग आला होता की घरी आल्यावर मी तुला जेवायलाही थांब म्हटलं नाही. तू दारातूनच म्हणालास, "मामानं भाचीले देल्लं, असं म्हणाले लोक तं? तिचंच नाव खराब होते ना." आणि सायकलवर टांग टाकून गेलास.

मला तेव्हाही ते पटलं नव्हतं. आजही पटत नाही. मामा आहे म्हणून जास्त देऊ नये हे ठीक, पण मामा आहे म्हणून कमी का द्यावं? हा आपला वाद कधी मिटलाच नाही.

गेल्या वर्षी मात्र समोरच्या संघाच्या मुलींनीच तुला कोंडीत पकडलं. अंतिम सामना त्या जिंकल्या होत्या, तरी त्यांची कॅप्टन पुढं आली, धुळीनं केस पांढरे झालेले, आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "सर, मधातली सूर जे खेळली थिलेच द्या. नाई तं आमी आमची ट्रॉफी घेत नाई."

तू म्हणालास, "थे माही भाची हाये."

"आमाले माहीत हाये. तुमी मामा आहा तं तिनं काय पाप केलं का?"

सगळी बांधी हसली. तू गुडघ्यावर पुठ्ठा ठेवून तिथंच लिहिलंस, कु. छकुली बोरकर, आणि तिच्या हातात कागद देताना दुसरीकडे पाहत होतास. तुझे डोळे भरून आले होते. मी पाहिलं होतं, पण कधी बोलले नाही, कारण बोलले असते तर तू म्हणाला असतास, धूळ गेली. त्या कागदाला तिनं प्लास्टिकचं पाकीट घातलं आणि कपाटात वरच्या कप्प्यात ठेवला. स्वतःला त्या नावानं कोणी हाक मारली तर चिडणारी पोरगी, पण तो कागद येईल त्याला दाखवायची.

आता कॉलेजच्या अर्जात नाव आकांक्षा, आणि बक्षीस छकुलीला. मॅडम म्हणाल्या, कोचचं एक पत्र जोडा, दोन्ही नावं एकाच मुलीची आहेत म्हणून. साधी गोष्ट. आपल्याकडे कोणाला असं पत्र लागलं नाही? मी स्वतः घरात बेबी, शाळेत शकुंतला आणि लग्नात तांदळात नाव बदललं तेव्हापासून अनुराधा. नोकरी लागताना या बायका एकच असं सिद्ध करता करता मला घाम फुटला होता, आणि तेव्हा माझ्याबरोबर कोर्टाच्या आवारात दिवसभर उभा होतास तो तूच. म्हणून मला वाटलं, तू लगेच देशील.

तू फोनवर साफ नाही म्हणालास.

"मामाच्या सहीले कोण विचारते वं बेबी? मी तिचा मामा आहो. उद्या थे लोक विचारतीन, हा कोण कोच? मामा! मंग पोरीच्या मेहनतीवर पाणी."

"तुझं आडनाव वेगळं आहे. त्यांना कसं कळणार?"

"मले तं कयते ना."

मग मी बोलले, तू बोललास, दोघांचाही आवाज चढला. तिचे बाबा टीव्हीचा आवाज वाढवून म्हणाले, बहीण-भावाच्या भांडणात मी नाही. शेवटी तू दमून म्हणालास, "बरं, रविवारी ये. बसून पाहू काय कराव तं."

शुक्रवारी सकाळी तू गेलास. रविवारी आम्ही रामटेकला अंबाळ्याच्या तलावावर होतो, तुझ्या अस्थी घेऊन.

रविवारी तू काय करणार होतास, दादा? मी यावर इतका विचार केला आहे की डोकं दुखतं. पत्र देणार होतास? की मला समजावणार होतास? की दुसऱ्या कोणाकडून, त्या गावच्या सरपंचाकडून वगैरे लिहून आणणार होतास? तुझ्या डोक्यात काहीतरी असणारच. तू 'पाहू' म्हणायचास तेव्हा तुझं पाहून झालेलं असायचं. वहिनीला विचारलं, तर त्या म्हणाल्या, "मले काही नाई बोलले ताई. जेवताना फक्त म्हणत होते का बेबी तापली हाये." आणि पदर डोळ्याला लावला. बेबी म्हणणारं आता कोणी उरलं नाही. आई-बाबा गेले तेव्हाही ते नाव उरलं होतं, कारण तू होतास. मला हे इतकं लागेल असं वाटलं नव्हतं.

तेरवीनंतर वहिनींनी तुझी मैदानाची पिशवी माझ्यापुढं ठेवली. शिट्टी, सुतळीचं बंडल, आणि खाली बर्डीहून छापून आणलेली कोरी सर्टिफिकेटं, लग्नपत्रिकेसारखे दोन मोर असलेली. सगळ्यांवर तुझी सही आधीच केलेली. स्पर्धेच्या दिवशी हात चुन्यानं भरलेले असतात म्हणून तू आदल्या संध्याकाळीच सह्या करून ठेवायचास, हे मला माहीत होतं. वहिनी म्हणाल्या, "घ्या ना ताई. तुमचं अक्षर किती चांगलं हाये. पोरीचं बराबर नाव टाकून द्या. यायनं देल्लंच तं होतं तिले."

मी काही वहिनींना दोष देत नाही. माझ्याही मनात तेच आलं होतं, त्यांच्या आधी. यात खोटं काय होतं? बक्षीस तिला मिळालं होतं, तूच दिलं होतंस, सही तुझीच होती. बदलणार होतं ते फक्त नाव, आणि ते नावही तिचंच होतं. छकुली क्लासला गेली असताना मी एक काढलं, चांगलं पेन घेतलं आणि माझ्या सगळ्यांत सुरेख अक्षरात भरलं. कु. आकांक्षा बोरकर, स्पर्धेतील उत्कृष्ट खेळाडू. वाळेपर्यंत पंख्याखाली ठेवलं. दिसायला इतकं सुंदर झालं होतं की मला बरं वाटलं. तू गेल्यापासून पहिल्यांदाच काहीतरी माझ्या हातून नीट झालं होतं.

छकुली आली, तिनं ते हातात घेतलं आणि बराच वेळ पाहिलं.

"हे मामानं नाही लिहिलं," ती म्हणाली.

"अक्षर माझं आहे. पण सही त्याचीच आहे. सही खरी आहे."

"अक्षराचं नाही म्हणत. यात ट आहे."

मला कळेना. तिनं कपाटातून तिचं पाकीट काढलं आणि माझं त्याच्या शेजारी ठेवलं. तुझ्या त्या वाकड्या ओळीत लिहिलं होतं, 'उत्कृष्ठ'. तू जन्मभर उत्कृष्ठच लिहिलंस. किती वेळा मी सांगितलं असेल, दादा, ट आहे, ठ नाही. तू म्हणायचास, "ठ लिवला का जरा वजन येते." मराठीच्या मास्तरणीचा सख्खा भाऊ, आणि गावोगावच्या पोरींच्या घरी भिंतींवर उत्कृष्ठ टांगून ठेवलंस.

"मग मी ठ लिहून दुसरं करते," मी म्हणाले. दादा, खरं सांगते, मी हे अगदी सहज म्हणाले. आणि मी लिहायलाही बसले. उत्कृ पर्यंत आले. पुढं ठ काढायचा होता. एवढंसं अक्षर, पहिलीच्या पोरालाही येतं. पण माझा हात तिथं थांबला आणि मला जे रडू फुटलं ते तेरवीलाही फुटलं नव्हतं. तुझी चूक माझ्या अक्षरात काढायची म्हणजे तू नाहीस हे मीच लिहून दिल्यासारखं झालं असतं. छकुलीनं पेन माझ्या हातातून घेतलं, झाकण लावलं आणि म्हणाली, "राहू दे आई. मामानं देल्लं थेच टाकू." अकरावीपासून शुद्ध बोलायला लागलेली पोरगी तुझ्यासारखी बोलली.

मग तिनं छकुलीवालं सर्टिफिकेट स्कॅन केलं आणि अर्जाला लावलं. नावाच्या खाली एक रकाना होता, आणखी कोणत्या नावानं ओळखता का असा. मी पाहत होते. तिनं तिथं छकुली असं भरलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "लोकांना हसायचं असलं तर हसू दे." शेवटी कोचचं नाव आणि फोन नंबर भरल्याशिवाय अर्ज पुढं जाईना. मी म्हटलं, माझा टाक. ती म्हणाली, "तू कोच आहेस का?" आणि तुझा नंबर टाकला. माणूस आता नाही, असं सांगायला त्यात जागाच नव्हती. मी शोधली.

म्हणून तुझा फोन माझ्याकडे आहे. वहिनींकडून मागून आणला आणि चार्ज करत राहिले. तो दिवसभर वाजतो. चुनावाला विचारतो या खेपेला किती पोती टाकू. रामटेककडून कोणी विचारतं स्पर्धा कधी. प्रत्येकाला मी सांगते आणि प्रत्येक जण म्हणतो, "काय म्हणता! परवा तं बोललो." मग मलाच त्यांची समजूत काढावी लागते. कॉलेजचा फोन आलाच तर काय बोलायचं ते मी ठरवून ठेवलं होतं. मी संघाची व्यवस्थापक, सर नाहीत, दोन्ही नावं एकाच खेळाडूची, मी ओळखते. आरशासमोर म्हणूनही पाहिलं होतं. यात एकही शब्द खोटा नव्हता, कारण पोरींचे डबे आणि पाण्याच्या कॅन मीच सांभाळायचे.

आज दुपारी तो फोन आला.

एक मुलगी होती, आवाज गोड, हिंदीत बोलत होती. आकांक्षा बोरकरच्या कोचसोबत बोलायचं आहे म्हणाली. मी म्हटलं, मी व्यवस्थापक बोलते आहे. ती म्हणाली, ठीक आहे मॅम, पण सरांशी एक मिनिट बोलता येईल का?

माझं पाठ केलेलं सगळं गेलं. मी म्हणाले, "माझा दादा वारला हो."

हिंदीत विचारलेल्या प्रश्नाला मराठीत, आणि तेही रडत. ती मुलगी बिचारी दोनदा सॉरी म्हणाली, पाणी प्या म्हणाली. खरंच चांगली होती. मग हळूच विचारलं, कोच सर आपले भाऊ होते का? मी हो म्हणाले. आणि आपण आकांक्षाच्या कोण? मी म्हणाले, आई. पलीकडून काहीतरी टाइप केल्याचा आवाज आला.

"म्हणजे सर तिचे मामा होते," ती म्हणाली.

मग तिनं समजावून सांगितलं. ज्यांनी बक्षीस दिलं ते नात्यातले आणि कागदावरचं नाव वेगळं, तेव्हा हे नाव याच मुलीचं असं सांगणारी नात्याबाहेरची, स्पर्धेतली कोणी अधिकारी व्यक्ती लागेल. मी म्हटलं, स्पर्धेत सगळं तोच होता. ती म्हणाली, दुसरं कोणी? मी म्हटलं, "अहो, मी तिची आई आहे. माझ्या पोटची आहे ती. छकुली तीच आणि आकांक्षाही तीच, माझ्याहून कोणाला जास्त माहीत असणार?"

"मॅम, आई आहात म्हणूनच ते घेता येणार नाही."

ती चुकीचं बोलली असंही मला म्हणवत नाही, दादा. तू तेच म्हणत होतास. तू तर दोन वर्षं तोच नियम पाळलास आणि पोरीला रडवलंस. आपल्या वादाचा निकाल लागला, तू जिंकलास, आणि माझ्याकडून हार मान्य करून घ्यायला तू इथं नाहीस. त्या मुलीनं सांगितलं की अर्ज रद्द होणार नाही, बाकी सगळं पाहिलं जाईल, फक्त त्या बक्षिसापुढं 'पडताळणी झाली नाही' असं लागेल. म्हणजे त्यांच्या लेखी ते नाहीच. पाच चौकटींपैकी भरलेली चौकट ती एकच होती.

मी व्यवस्थापक म्हणून बोलत राहिले असते तर कदाचित निभावलं असतं. सर बाहेरगावी गेलेत म्हणाले असते, सर आता नाहीत म्हणाले असते, तुझं नाव घेऊन बोलले असते. सर हा शब्द किती सोपा आहे, सगळ्या पोरी म्हणतात. माझ्या तोंडून आला तो दादा. त्या क्षणी तू माझा दुसरा कोणी नव्हतासच, मी काय करणार?

छकुली येईल आता. रोज आली की चपला काढायच्या आधी तुझा फोन हातात घेते आणि कोणाकोणाचे येऊन गेले ते पाहते. तो नंबर तिला दिसेल. पुसून टाकावा असं मनात आलं, पण उद्या-परवा कळायचंच आहे. तिला मी काय सांगू? छकुली, तुझं बक्षीस खोटं ठरलं नाही, फक्त खरं ठरवणारं कोणी उरलं नाही, हे सतरा वर्षांच्या पोरीला कोणत्या शब्दांत सांगतात? असं काही अवघड झालं की मी तुला फोन करायचे. तुझा फोन माझ्या हातात आहे, दादा, आणि कोणाला लावू ते कळत नाही.